सांगली ते कुंडल, एका दिवसात सायकलवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की आमच्या फोनवर एकच विषय सुरू होतो, यंदा कुंडलला कधी? नव्या माणसांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. आम्ही सांगलीतली आठ-दहा मंडळी. क्लब नाही, फी नाही, छापील टी-शर्ट नाहीत. एक जण बँकेत, दोघं शाळेत, एकाचा बेदाण्याचा व्यापार. रविवारी पहाटे जो उठेल तो येतो.

वाट नक्की कुठून जाते?

गणपती मंदिरापासून निघायचं. माधवनगर, नांद्रे, येरळा ओलांडून वसगडे, मग भिलवडी. भिलवडीतून कृष्णेवरच्या पुलाने पलीकडे अंकलखोप आणि औदुंबर. औदुंबरहून त्याच पुलाने मागे यायचं आणि पलूस, किर्लोस्करवाडी करत कुंडल गाठायचं.

मिरज-पुणे रेल्वेची रेघ डोळ्यांसमोर ठेवली की वाट पाठ होते, कारण नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी ही तिच्यावरचीच स्टेशनं. फक्त एक घोळ टाळा. भिलवडी स्टेशन ही वेगळी वस्ती आहे, भिलवडी गाव तिथून आणखी पुढे नदीकडे. दरवर्षी कुणीतरी स्टेशनजवळच्या टपरीवरून फोन करतं, "आम्ही भिलवडीत पोचलो, घाट कुठंय?"

किती किलोमीटर होतात? मला झेपेल का?

औदुंबर धरून जाऊन-येऊन साधारण नव्वद. औदुंबरवरूनच मागे फिरलात तर पंचावन्नच्या आसपास. वाट नदीकाठची, काळ्या रानातली, त्यामुळे घाट नाही. पुलांचे चढउतार आणि कुंडलच्या बाजूला थोडी चढण, इतकंच. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालवणाऱ्याला पूर्ण वाट जमते. वर्षभर सायकल गॅलरीत उभी असेल तर पहिल्यांदा औदुंबरपर्यंतच या. यात कमीपणा काही नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्या वर्षी तेच केलं.

पाय थकण्याआधी वेळ संपते, हे मात्र ध्यानात ठेवा. चालवायला पाच-सहा तास पुरतात; बाकीचा दिवस थांबण्यात जातो आणि तो तसाच जायला हवा. सरासरी वेग मोजणाऱ्यांनी कोल्हापूर रस्ता धरावा, तो त्यांना आवडेल.

कुठली सायकल लागते?

जी आहे ती. गिअरची असली तर बरं, नसली तरी चालतं. आमच्यातले एक काका काळ्या बिनगिअरच्या सायकलवर येतात आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या आधी बसलेले असतात. अगदी बारीक टायरची रेसर मात्र आणू नका. त्याचं कारण म्हणजे बाभूळ.

रानाच्या कडेला बाभळीचं कुंपण असतं. फांद्या छाटून बांधावर टाकतात आणि काटे रस्त्यावर येतात. पांढरट, सरळ, बोटाच्या पेरापेक्षा लांब काटा. टायरमध्ये घुसला की वर मोडतो आणि आतलं टोक तसंच राहतं. पहिल्या वर्षी वसगड्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब काढली, एका वस्तीवर म्हशीच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघितले, पॉलिश पेपरने घासलं, सोल्यूशन लावलं, वाळू दिलं, पॅच चिकटवला. रुबाबात निघालो. अर्धा किलोमीटर गेलो असेन, पुन्हा फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं राहिलं होतं. काटा तिथंच बसलेला. तेव्हापासून नियम असा की ट्यूब घालण्याआधी टायर आतून पूर्ण चाचपायचा, तोही सावकाश, नाहीतर बोटालाच पंक्चर.

सोबत एक जादा ट्यूब, पॅच, सोल्यूशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि हातपंप ठेवा. पंक्चरवाले मोठ्या गावांत भेटतात, पण त्यांच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसते. तुमचा व्हॉल्व्ह बारीक परदेशी पद्धतीचा असेल तर त्याची पितळी टोपी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, खिशात हवा. बोराएवढी वस्तू, पण ती नसली तर अख्खी सायकल टेम्पोत घालून परत यावं लागतं.

कुठल्या महिन्यात यावं? किती वाजता निघायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे साडेपाचला निघा, अंधार असला तरी. नांद्र्याच्या पुढे उजाडतं तेव्हा उसावर धुकं असतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरे आलेले असतात. धुक्याच्या वर नुसते तुरेच दिसतात. साडेसहाला निघालात तर हे सगळं हुकतं आणि वर कुंडलला भर दुपारी पोचता.

मार्चनंतर येऊ नका. सांगलीचं ऊन सांगलीकरांनाही सोसत नाही.

पावसाळ्यात हिरवंगार असेल ना?

असतं. तरी नको. काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि दहा फुटांत सायकल खिळते. काडीने उकरायचं, पुन्हा दहा फूट. ऑक्टोबरातल्या एका अवकाळी सरीनंतर ब्रह्मनाळच्या पाणंदीत आम्ही सायकली खांद्यावर घेऊन चाललो आहोत. शिवाय पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे जाताना तोंडावर.

आणि पाणी. जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणीही कुणाला भेटलं की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" १९२९ च्या या पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली. तुम्ही ज्या वाटेने जाणार ती बरीचशी तेव्हा पाण्याखाली होती. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावाने आपली माणसं गमावली. तेव्हा नदी भरलेली असताना "एक फोटो काढून येतो" म्हणत काठावर उतरणारा माणूस आम्ही सोबत नेत नाही.

ब्रह्मनाळला वळावं का?

वेळ असेल तर जरूर. कृष्णा-येरळेचा संगम आहे. रामदास पंचायतनातले, म्हणजे समर्थ रामदास धरून जे पाच संत त्यांतले, आनंदमूर्ती हे ब्रह्मनाळचे. गर्दी नसते, दुकानं नसतात, घाटावर बसता येतं. येरळा बहुतेक वेळा कोरडी असते, त्यामुळे संगमावर एक नदी वाहती आणि एक नुसती वाळूची, असं चित्र दिसतं.

उसाच्या ट्रॅक्टरांची भीती वाटते. काय करायचं?

भीती वाटणं बरोबर आहे. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला आणि ड्रायव्हरच्या कानाशी मोठ्ठा स्पीकर. तुमची घंटी त्याला ऐकू जाणं अशक्य. तो मागून येतोय हे गाण्यावरून कळतं. कळलं की रस्त्याच्या खाली उतरा, पाय टेकवून उभे राहा, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्या. पहिली गेली की पेडल मारायची घाई नडते, कारण दुसरी ट्रॉली वळणावर आत घासून येते. ओव्हरटेक करायला जाऊ नका. चढावर त्याचा वेग तुमच्याएवढाच असतो आणि मोह होतो, पण वरून सुटलेला ऊस अंगावर पडतो.

बैलगाड्यांचं तसं नाही. मागे मागे गेलात तर उसाचा गोडसर वास येत राहतो.

औदुंबरला काय आहे? किती वेळ ठेवायचा?

तासभर तरी. कृष्णाकाठचं दत्तक्षेत्र. नृसिंह सरस्वतींनी इथे चातुर्मास केला आणि मग ते खाली नृसिंहवाडीला गेले, अशी परंपरा. इथल्या पादुकांना विमल पादुका म्हणतात, वाडीच्या त्या मनोहर. देऊळ छोटं, खाली रुंद दगडी घाट, वर उंबरांची सावली. नदीपलीकडे भिलवडीच्या हद्दीत भुवनेश्वरीचं देऊळ. दत्तदर्शनानंतर देवीला जायचं अशी इथली रीत.

पहिल्यांदा येणाऱ्याला घाटावरून लगेच उठवू नका. कृष्णा इथे फार संथ आहे. पाण्याकडे बघताना ती वाहते आहे हे पटत नाही. उंबराचं एखादं पान पडलं आणि सरकायला लागलं की पटतं.

कवी सुधांशु याच गावचे. त्यांनी सुरू केलेल्या सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन दर संक्रांतीला भरतं. चौदा जानेवारीला निघालात तर तिळगुळासोबत कविताही पदरात पडतील. गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते, सायकल लावायला जागा मिळत नाही.

सायकलच्या तंग कपड्यांत देवळात गेलं तर चालतं?

कुणी हाकलणार नाही. पण बरं दिसत नाही. पातळ पायजमा किंवा लुंगी पिशवीत टाका, पाच सेकंदांचं काम. लुंगी पुढे झाडाखाली अंथरायलाही होते.

भिलवडीत थांबण्यासारखं?

नदीचा घाट. लांब, प्रशस्त, दगडी. त्याच्या पायऱ्यांवर बसून खरडा-भाकरी खाण्याची आमची पद्धत आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांतून सायकल हातात धरून चाला. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा अजून दिसतात, काही डोक्याच्याही वर. हे गाव दुधाचं. सकाळी सातच्या सुमाराला किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली चारी बाजूंनी येतात. पूर्वी त्या सायकली असत.

किर्लोस्करवाडीत कारखाना बघायला मिळतो का?

आत परवानगीशिवाय सोडत नाहीत, आणि सुट्टीच्या दिवशी घाम गाळत गेटवर जाऊन गळ घालू नये. बाहेरूनही पुष्कळ आहे.

मला विचाराल तर या अख्ख्या वाटेवर सायकलवाल्याने टोपी काढावी अशी जागा हीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला धंदा पंपांचा नव्हता, नांगराचाही नव्हता. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान काढलं. सायकल दुरुस्त करणारा माणूस लोखंडाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर. शेतकऱ्याला त्याची धास्ती, लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपत नव्हते. बेळगावातली जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, निवडुंगाचा, सापांचा. १९१० मध्ये तिथे वसाहत उभी राहिली आणि पुढे स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं.

आज त्या माळावर मोठी झाडं आहेत. स्टेशनच्या रस्त्याने आत गेलं की सावली लागते, तीही दुपारी अकरा-साडेअकराला, अगदी हवी तेव्हा. इथूनच १९२० मध्ये एक छोटं खबरपत्र निघालं आणि त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. आमच्या आजीच्या पेटीत त्याचे अंक होते. खेड्यातल्या माळावरून नांगर आणि मासिक दोन्ही निघतात, याचं तिला काहीच नवल वाटत नसे.

कुंडलचं एवढं काय?

या प्रश्नाला थोडं मागे जाऊन उत्तर द्यावं लागेल.

सकाळपासून तुम्ही दोन-तीन राज्यं ओलांडलेली असतात. सांगली पटवर्धनांची. भिलवडीकडचा मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. कुंडल औंध संस्थानात. सांगली जिल्हा त्यानंतरचा. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. ही हद्दीची गुंतागुंत एरवी शाळेत कंटाळवाणी वाटते. कुंडलमध्ये ती कामाची ठरली. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेल्या सरकारचं, कुंडल हे मोठं केंद्र होतं. इंग्रजांचे पोलीस मागे लागले की हद्द ओलांडून संस्थानात शिरायचं. औंधच्या राजाने १९३९ मध्येच गावोगाव पंचायतींच्या हाती कारभार द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे लोकांना आपला कारभार आपण करायची सवयही होती. प्रतिसरकारने न्यायनिवाडे केले, गावगुंडांना वठणीवर आणलं. कुंडलचे जी. डी. बापू लाड तुफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचे, म्होरके. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवून लुटली ती याच मंडळींनी, याच रेल्वेमार्गावर, किर्लोस्करवाडीच्या थोडं पुढे.

लोक याला पत्री सरकार म्हणतात. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांसमोर तो शब्द काढला की ती खुर्चीत सरळ होऊन बसायची.

गावाजवळच्या डोंगरात झरी पार्श्वनाथ हे जैन तीर्थ आहे. पायऱ्या चढून वर गुहा, आत खडकातून पाणी पाझरतं. पंचेचाळीस किलोमीटरनंतर पायऱ्या जड जातात, पण आत गेल्यावर गार वाटतं. बूट बाहेर, आवाज कमी. आणि कुंडलचं कुस्तीचं मैदान विसरू नका. मोकळं असलं तरी एक चक्कर मारा.

जेवणाचं काय?

घरून भाकरी, खरडा, शेंगदाण्याची चटणी घ्या. पलूसला हॉटेलं आहेत, मिसळ मिळते, जेवण मिळतं. पण भरपेट जेवून दुपारी सायकलवर बसणं म्हणजे शिक्षा. सांगलीचा भडंग खिशात भरून ठेवावा, चालवता चालवता चार घास तोंडात टाकता येतात. खारट-तिखट असल्याने घामानंतर तो फार चांगला लागतो. नंतर पाणी मात्र भरपूर लागतं. माणशी दोन बाटल्या, भिलवडी आणि पलूसला पुन्हा भरायच्या.

हंगामात रसवंती दिसली की थांबा. बर्फ नको म्हणा.

आम्ही तिघी मैत्रिणी येतोय. स्वच्छतागृहांची सोय?

खरं सांगायचं तर कमी आहे. औदुंबरला देवस्थानाजवळ, पलूसला एसटी स्टँडवर आणि रस्त्यातल्या पेट्रोल पंपांवर. पंपावरची कुलूपबंद असतात, किल्ली मागावी लागते आणि मागायला लाजू नका. आमच्यातल्या ताईंचा अनुभव असा की एखाद्या घरासमोर आज्जी दिसली तर तिला सरळ विचारावं. ती आत नेते, वर चहा पाजते आणि मग अर्धा तास सुटका नसते.

वाटेत लोक काय म्हणतात?

एकच प्रश्न, शंभर तऱ्हांनी. गेल्या जानेवारीत पलूसच्या अलीकडे एक बाबा सायकलवरून चालले होते. कॅरिअरवर उसाच्या वाड्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा भारा, इतका मोठा की मागून सायकल दिसतच नव्हती, नुसतं वाडंच चाललंय असं वाटावं. आम्ही शेजारी आलो तसे म्हणाले, "कुठलं पाव्हणं?"

"सांगलीचे, बाबा."

"गाडी बंद पडली व्हय?"

"नाही, सायकलवरनंच आलोय. कुंडलला निघालोय."

"काय काम काढलं?"

"काम काही नाही. असंच."

बाबांनी आमच्या हेल्मेटकडे, मग गिअरकडे बघितलं. "कितीला पडली?"

आमच्यातल्या एकाने आकडा सांगितला, थोडा कमी करूनच. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॅरिअर न्हाई व्हय हिला?"

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून दोघांनी कॅरिअर बसवून घेतलंय.

परत येताना सायकल रेल्वेत टाकता येईल?

मोह होतो, कारण स्टेशन समोरच असतं. पण सायकल डब्यात घेऊन चढता येत नाही, लगेज म्हणून बुक करावी लागते, आणि थोड्या वेळासाठी थांबणाऱ्या गाडीत ते जमेलच असं नाही. घडीची सायकल असली तर प्रश्न मिटला. नाहीतर आधीच टेम्पो ठरवून ठेवा किंवा चालवत या. परतीला औदुंबरचा फाटा नसतो, त्यामुळे वाट कमीच होते.

हरिपूर, मिरज राहिलं की!

राहू द्या. हरिपूर सांगलीच्या अगदी शेजारी आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, हळदीची पेवं. कुठल्याही संध्याकाळी जाता येतं. मिरजेला सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरलात तर निम्मा दिवस तिथेच जाईल, म्हणून तो दिवस वेगळा ठेवा. एका दिवसात सगळं कोंबायचं असेल तर चारचाकी बरी.

उशीर झाला आणि अंधार पडला तर?

मागचा लाल दिवा सगळ्यांकडे हवाच, पुढचाही. दुपारी दोनला कुंडल सोडलंत तर उजेडात घरी पोचता. त्यापेक्षा उशीर झाला तर नांद्र्याच्या पुढे एका रांगेत चालवा, सगळ्यात मागे ज्याचा दिवा मोठा तो. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर असतोच असं नाही, आणि रस्त्याकडेला पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली अंधारात शेवटच्या क्षणाला दिसते. माधवनगरला पोचलात की चहा घ्या आणि घरी फोन करा. गेल्या वर्षी आमच्या एकाने तो केला नाही, आणि त्याच्या बायकोचे आम्हा सगळ्यांना मिळून एकोणीस मिस्ड कॉल होते.